नातीचे दात
आयुष्यभर दुसऱ्यांची हृदयं दुरुस्त करणारे डॉक्टर आज स्वतःच टेबलावर आडवे झाले होते. मनगटातून शिरलेली बारीक तार हृदयाकडे सरकवत होती त्यांचीच विद्यार्थिनी. "सर, पडद्याकडे बघायचं नाही हं! आज तुम्ही पेशंट," तिनं दटावलं. "बरं बाई!" ते हसले. तार सरकवता सरकवता ती थांबली. मग एकदम म्हणाली, "सर, नातीला दात आले का हो?" डॉक्टरांनी चटकन तिच्याकडे पाहिलं. तार अडकली, तर पेशंटला कळू देऊ नका, घरच्या गप्पा काढा, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. "काय झालं?" असं ओरडावंसं वाटलं, पण तिची बोटं थरथरताना दिसली. ती आणखी घाबरली, तर संपलंच. कोरडी पडलेली जीभ त्यांनी कशीबशी हलवली. "दोन आलेत, पोरी. परवा कडकडून चावली मला. घाई नाही आपल्याला, ऐक..."