लाल दिव्याची दहा मिनिटं

दिवा लागला नाही.

गोलकीपरनं बटण दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. मागचा पंखा घरघरत होता, पण दाराएवढ्या त्या फळीवरचा एकही लाल दिवा पेटेना. समोरच्या बाकावर चौघं खेळाडू चड्ड्या वर सरकवून, मांड्या फळीकडे करून बसले होते. चौघांनाही दिसत नव्हतं.

"लागला का रे?" दादानं विचारलं. दादा म्हणजे संघाचा कप्तान आणि गोलकीपरचा सख्खा थोरला भाऊ.

"लागला," तो म्हणाला. म्हणून तर गेला, आणि मग त्यानं गुपचूप चौथ्यांदा बटण दाबून पाहिलं.

अंधांच्या फुटबॉलमध्ये डोळस खेळाडू एकच, तो म्हणजे गोलकीपर. बाकी चौघं डोळ्यांवर पट्टी बांधून खुळखुळणाऱ्या चेंडूमागे धावतात. गोलकीपरनं गोल अडवायचा, शिवाय आपल्या बचावाला मागून ओरडून सांगायचं, कोण कुठून येतंय ते. या दुसऱ्या कामाचीच ह्याला धास्ती. चेंडू ऐकू यावा म्हणून प्रेक्षक चिडीचूप बसतात, आणि त्या शांततेत आपलाच आवाज कानावर पडला की ह्याची जीभ टाळूला चिकटायची. संघात त्याला घुम्याच म्हणत. "आमचा गोलकीपर सगळं सांगतो हो," संघातला लंबू लोकांना सांगायचा, "पण हातवारे करून!"

या हंगामात संघाच्या प्रशिक्षक सरांनी ती दिव्यांची फळी आणली. सामन्याआधी दहा मिनिटं मांड्यांवर लाल उजेड घ्यायचा, की स्नायू दमत नाहीत, असं सर म्हणत. सरांच्या घड्याळात चौघांचेही वेग खरोखरच वाढले. सगळ्यांत हायसं वाटलं ते घुम्याला. पायांत एवढा जोर आल्यावर आपण मध्ये बोलून काय दिवे लावणार, असा विचार करून त्यानं उरलंसुरलं तोंडही मिटून घेतलं. पुढच्या दोन सामन्यांत एक बरोबरी, एक हार.

क्लबनं सरळ सांगून टाकलं होतं, यंदा चषक आणा, नाहीतर संघ बंद. मैदान मागणारे दुसरे रांगेत उभे होते. आता उरलेले तिन्ही सामने जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि नेमका आजच दिवा गेला.

यंत्र चालवायचं काम घुम्याचं. सर त्या वेळी पंचांकडे कागदपत्रं घेऊन बसलेले असत. त्यांना सांगावं, तर सरांच्या तोंडात तीळ भिजत नाही. दोन मिनिटांत सगळ्यांना कळलं असतं आणि सामन्याआधीच हातपाय गळाले असते. दहा मिनिटं तो फळीशेजारी उभा राहिला आणि त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली. न दिसणाऱ्या भावाला आपण ढळढळीत फसवलं.

मैदानात उतरल्यावर त्याला एकच सुचलं. ह्यांच्या पायांत आज काही नाही, तर निदान ह्यांची धावपळ तरी वाचवू.

"लंबू, डावीकडे!" आवाज चिरकला. "दादा, मागे! अजून मागे! तिथंच थांब!"

लंबू जागच्या जागी थबकला. "अरे, हा कोण बोलतोय?"

"मीच बोलतोय! डावीकडे म्हटलं ना, गाढवा!"

दोन-शून्य. सामना संपेपर्यंत तो एकदाही गप्प बसला नाही.

"बघितलंत?" सर घड्याळ नाचवत म्हणाले. "ह्याला म्हणतात दिव्याचा गुण!"

घुम्यानं मान खाली घातली. यंत्र दुरुस्तीला न्यावं, तर गावात तसलं दुकान एकच, तेही दादाचं. सगळ्यांचे पंखे, मिक्सर, इस्त्र्या त्याच्याच बोटांखालून जात. तिथं नेणं म्हणजे चोरानं स्वतःच चौकीत जाण्यासारखं. मग पुढच्या सामन्याआधीही त्यानं चौघांना पंख्याच्या घरघरीसमोर बसवलं, "लागला" म्हणाला, आणि मैदानात घसा फुटेस्तोवर ओरडला. तोही सामना जिंकला.

"वीस वर्षं तोंड उघडलं नाहीस," आई गरम पाण्यात मीठ ढवळत म्हणाली. "सगळं साठवून ठेवलं होतंस की काय?"

अंतिम सामना शेवटच्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य होता. समोरचा खेळाडू दोघांना चकवून आत शिरला. घुम्याचा आवाज फाटला होता, तरी तो किंचाळला, "दादा, उजवीकडे एक पाऊल! आत्ता! पाय घाल!" दादानं पाय घातला, चेंडू काढून पुढे दिला, आणि लंबूनं तो पळवत नेऊन जाळ्यात मारला. सर रडायलाच लागले.

बाकीचे बाहेर चषकाला हात लावून बघत होते. कपडे बदलायच्या खोलीत दोघं भाऊच होते. घुम्याला आता राहवेना.

"दादा, मी तुम्हाला फसवलं." घशातून नुसती हवा येत होती. "तिन्ही सामने दिवा लागलाच नव्हता. तुम्ही नुसते पंख्यासमोर बसला होतात."

दादा बुटाच्या नाड्या सोडत होता. "मग बोलला का नाहीस?"

"धीर सुटला असता तुमचा. अंगात काही नसताना तुम्ही पळताय, हे माहीत कुणाला, तर मला एकट्याला. म्हणून तर एवढा बोंबलत होतो मी."

दादानं बूट काढून बाकाखाली सरकवले.

"म्हणून तर तारा काढल्या होत्या मी," तो म्हणाला.