चाळीस खुर्च्यांची दिलगिरी

"चाळीस खुर्च्या अजून पोहोचल्या नाहीत म्हणतोय हॉटेलवाला," टाइमकीपर पडद्यावरचं पत्र वाचत म्हणाला. "तिसरी तक्रार आहे, मॅडम."

"मग दिलगिरीचं पत्र लिहा, काका. कारण मात्र नवीन द्या. मागच्या वेळी ट्रक बंद पडला होता."

खुर्च्या पोहोचणार कुठून? त्या नव्हत्याच. कंपनीही नव्हती. वर्षानुवर्षं घरी बसलेल्यांना पुन्हा कामाची सवय लागावी म्हणून सरकारने ही सरावाची कंपनी थाटली होती. सहा टेबलं, सहा कॉम्प्युटर, भिंतीवर वेळापत्रक. आधीच्या तुकडीने हौसेने इंटरनेटवर कंपनीचं पानही काढलं होतं, खुर्च्यांच्या फोटोंसकट. गिऱ्हाइकं आपल्यासारखीच, असं शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. गावोगावी अशाच सराव-कंपन्या होत्या, कोणी सायकली विकायची, कोणी कापड. तिथले बेकार इथे मागणी नोंदवत, इथले तिथे. सगळी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

नियम एकच होता. आलेलं प्रत्येक पत्र खरं समजायचं आणि त्याच दिवशी उत्तर द्यायचं.

टाइमकीपरने कारखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या. कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली होती. बायको त्याआधीच गेली. रविवारी बहिणीचा फोन यायचा, "दादा, बरा आहेस ना?" एवढाच. त्यालाही "हो" म्हणायची इतकी सवय झाली होती की कधी कधी ती विचारायच्या आधीच तो "हो" म्हणे. हे तीन महिने म्हणजे शेवटची संधी. पहिली श्रेणी मिळाली तर नोकरीसाठी शिफारस, नाहीतर नाव यादीतून कायमचं बाद.

म्हणून तो जीव ओतून लिहायचा. "लाकूड अजून ओलं आहे. घाईने केलेली खुर्ची पाहुण्याला पाडेल, आणि एकदा पडलेला पाहुणा पुन्हा येत नाही."

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्याचं उत्तर आलं. "पटलं. थांबतो. तसेही पाहुणे कमी आहेत. संध्याकाळी एवढ्या मोठ्या हॉलमध्ये जेवायला मी एकटाच असतो. तुम्ही कोणाबरोबर जेवता?"

असा प्रश्न कुठल्याच धड्यात नव्हता. टाइमकीपरने आधी एक साचेबंद ओळ लिहिली आणि खोडली. मग त्याने खरं तेच लिहिलं, "रेडिओबरोबर."

शेजारच्या टेबलावर एक माजी बस कंडक्टर बसायचा. त्याने मान लांब करून वाचलं. "काय नग आहे हो हा! सोंग मात्र झकास वठवतोय."

"आपल्यासारखाच असेल कोणी," टाइमकीपर म्हणाला. "घरी बसून बसून बोलायला आसुसलेला."

त्याला त्या न पाहिलेल्या माणसाचा लळा लागला. सकाळी मॅडम कुलूप काढायला येत तेव्हा तो आधीच पायरीवर बसलेला असे. कधी पॉलिश वाळलं नाही, कधी सुतार आजारी पडला. खुर्च्या पुढे पुढे जात राहिल्या आणि पत्रं लांब होत गेली. हॉटेलवाला रागवायचंही विसरला.

शेवटच्या आठवड्यात त्याचं पत्र आलं. "खुर्च्या राहू द्या. मला काउंटरवर माणूस हवा आहे, चिडलेल्या पाहुण्याची समजूत घालणारा. तीन महिने तुम्ही मला काहीही न देता खूश ठेवलंत. राहायला खोली आहे. जेवायला सोबत मी आहे. या."

टाइमकीपरने पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"काका, सांभाळून," कंडक्टर कुजबुजला. "परीक्षा आहे ही. शेवटी शेवटी दुसरी कंपनी आपला माणूस फोडायला बघते. मागच्या तुकडीत एका बाईंनी 'येते' म्हणून कळवलं आणि नापास झाल्या."

भिंतीवरच्या वेळापत्रकातही होतंच: 'शेवटचा आठवडा, निष्ठा.'

टाइमकीपरला फार वाईट वाटलं. म्हणजे एवढी आपुलकी धड्यापुरती होती. मग त्याला वाटलं, त्या बिचाऱ्यालाही गुण हवेच असतील की. त्याने आयुष्यातलं सर्वांत सुंदर पत्र लिहिलं. "आपला प्रस्ताव वाचून डोळे भरून आले. पण जिचं मीठ खाल्लं ती कंपनी सोडणं माझ्याने होणार नाही. कृपया दुसरा माणूस पाहावा."

"काका, पैकीच्या पैकी!" मॅडम म्हणाल्या.

त्याला पहिली श्रेणी मिळाली. शिफारस वर गेली, आता बोलावणं येईपर्यंत थांबायचं होतं. खोलीला कुलूप लागलं, माणसं पांगली. प्रमाणपत्र घेऊन तो घरी आला, आणि ते दाखवायला घरात कोणी नव्हतं.

दोन आठवडे त्याने कसेबसे काढले. मग वाटलं, हॉटेलवाल्याचीही तुकडी संपत आली असेल. त्यालाही आपलं यश सांगायला कोणी नसेल. खुर्च्या पाठवायचा पत्ता त्याला तोंडपाठ होता. इस्त्रीचा शर्ट घालून, प्रमाणपत्र पिशवीत टाकून तो सकाळच्या बसने निघाला. तिथेही अशीच एक खोली असेल, सहा टेबलांची. आपण एकदम समोर जाऊन उभं राहायचं, असं त्याने ठरवलं होतं.

पत्त्यावर तीन मजली इमारत होती. आत काउंटर, काउंटरमागे किल्ल्यांचा फळा. एक प्रवासी बॅग ओढत जिना चढत होता, वरून चादरी झटकल्याचा आवाज येत होता. टाइमकीपर बघतच राहिला. आपल्याकडे नुसती टेबलं, आणि ह्यांनी काय हुबेहूब उभं केलंय!

काउंटरवर टाय लावलेला एक पोक्त गृहस्थ होता.

"नमस्कार," टाइमकीपर हसून म्हणाला. "सरावाची मंडळी कुठे बसतात?"

"कसला सराव?" गृहस्थाने गोंधळून विचारलं. "मी नवीनच आहे हो इथे, सोमवारीच लागलो. मालकांनी ही जागा एका खुर्च्यांच्या कंपनीतल्या माणसासाठी अडवून ठेवली होती, पण त्यानेच नको म्हणून कळवलं."