ऊन पाणी

“कालचे कपडे कुठे आहेत?” शलाकाने विचारलं.

“धुतलं,” कौसाबाई म्हणाली. “वालत घातलं.”

“आणि आंघोळ?”

“घातली. दोनदा. डोक्यावरशी.”

शलाकाच्या हातातलं पेन थांबलं. उल्हासनगरच्या त्या सरकारी रुग्णालयात फॉरेन्सिक नर्सिंगचं प्रशिक्षण घेतलेली ती एकटीच नर्स होती. बलात्कार झालेली बाई आली की तपासणी डॉक्टर करत. पण तिच्याशी बोलायचं, तिची संमती घ्यायची, नमुने गोळा करून सीलबंद करायचे, हे सगळं शलाकाकडे. तीन वर्षांत कितीतरी बायका तिच्यासमोर बसून गेल्या होत्या. खटले कशाने पडतात, हे तिला तोंडपाठ झालं होतं.

आता समोर अक्षदा बसली होती, कौसाबाईची मुलगी. बावीस वर्षांची. वांगणीहून अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. काल संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर सुपरवायझरने स्टॉक मोजायचं निमित्त काढून तिला गोडाऊनमध्ये थांबवून घेतलं होतं. घरी आल्या आल्या तिने आईला सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि बंब पेटवला.

“मावशी, काय करून बसलात हे?” शलाकाचा आवाज चढला. “अर्धा पुरावा मोरीत सोडून दिलात तुम्ही. तो आता वकील लावेल, सुटेल, आणि परत त्याच कंपनीत खुर्ची टाकून बसेल. तुमच्या हाताने सोडवलंत त्याला!”

कौसाबाईने मुलीकडे पाहिलं. अक्षदाने मान फिरवली.

“मी म्हणत होते आधी पोलिसांकडे जाऊ. हिने ऐकलंच नाही. हाताला धरून मोरीत बसवलं मला. गावात कळायला नको ना! आज पण मीच निघाले म्हणून ही मागून आली.” ती शलाकाकडे वळली. “सिस्टर, हिला बाहेर पाठवा. मला ही इथे नकोय.”

तपासणीच्या वेळी खोलीत कोण असावं, हे मुलीनेच ठरवायचं असतं. शलाकाने दार उघडून धरलं. कौसाबाई उठली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली.

“प्रत्येक गोष्ट करायच्या आधी मी तुला सांगेन,” शलाका अक्षदाला म्हणाली. “तू ‘थांबा’ म्हणालीस की थांबायचं. का, ते कोणी विचारणार नाही.”

अक्षदा तीनदा ‘थांबा’ म्हणाली. तिन्ही वेळा शलाकाने हात मागे घेतले, डॉक्टरांनाही थांबवलं. मनगटांवरचे निळे डाग तिने एकेक करून लिहून घेतले. नखांखालचं घेतलं, केसांतलं घेतलं. आंघोळीनंतरही अंगावर काही ना काही राहतं, हे तिला माहीत होतं. काल आली असती तर किती मिळालं असतं, हेही माहीत होतं. प्रत्येक पाकिटावर लाख लावताना तिच्या मनात कौसाबाईबद्दलचा राग साचत गेला.

फॉर्मवर एक रकाना होता : घटनेनंतर आंघोळ केली का?

“लिहा,” अक्षदा म्हणाली. “आईने घातली. जबरदस्तीने. कोर्टात विचारलं तरी मी हेच सांगणार. मी तिला कधीच माफ नाही करणार.”

शलाकाने लिहिलं. लिहिताना तिला बरंही वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा कौसाबाई बाकाच्या टोकाला तशीच बसलेली होती.

“पोलीस येतायत जबाब घ्यायला. तुमचाही घेतील. आंघोळ का घातली, असं विचारतील. काय सांगणार? गावात कळू नये म्हणून, असंच ना?”

“नाय वो, बाय.” कौसाबाई फरशीकडे बघत होती. “मना कोनी पानी नव्हता दिला.”

शलाकाला आधी काही समजलंच नाही.

“लगीन ठरलेला माजा. एकोनीस वर्सांची व्हती मी. भातकापनीला गेलेली दुसऱ्याच्या शेतावर. घरी येऊन आयेला सांगितला. आयेनं मना गोठ्यात बसवला. घरात शिरू देईना, मोरीत जाऊ देईना. तीन दिस त्याच कपड्यांत. अंगाला त्याचा वास. मना येवढाच वाटायचा, कोनीतरी दोन तांबे ऊन पानी घालावा अंगावर.” तिने आतल्या दाराकडे पाहिलं. “काल पोर दारात उबी र्‍हायली, तवा मना दुसरा कायच सुचला नाय.”

शलाका बाकावर तिच्या शेजारी बसली. सोसलेल्या बाईला दोष द्यायचा नाही, हा तिच्या प्रशिक्षणातला पहिला धडा होता. दार उघडून धरून तिने अशाच एका बाईला बाहेर काढलं होतं.

“मी अक्षदाला सांगते,” ती घाईने उठली. “आत्ताच सांगते. तिला कळायला हवं, मावशी, ती तुमच्याबद्दल काय काय...”

कौसाबाईने तिचा हात घट्ट धरला.

“नको, बाय. तिला कोनावर तरी रागावता येते, तर रागावू दे. मना तेवढा पन जमला नव्हता.”