रजेची चौकशी

“म्हातारी खरंच आजारी हाय का, एवढंच बघायला आलोय,” पोलीस ठाण्याचे शेषेराव जमादार म्हणाले आणि टोपी काढून उंबऱ्यापाशीच बसले.

पंचशीलाने पदर कपाळावर ओढला, लेकरू दुसऱ्या हातावर घेतलं. गावात कुणी नव्हतं. सगळे रोजगार हमीच्या खडीवर गेले होते. घर दाखवायलाही माणूस भेटला नाही. दारावर चुन्याने लिहिलेलं तिच्या नवऱ्याचं, भुजंगचं नाव वाचून जमादार आले होते. तिने त्यांना अर्धा तांब्या पाणी दिलं. टँकर चार दिवसांआड येत होता. त्यांनी दोन घोट घेतले आणि तांब्या परत सरकवला.

मग खिशातून कागद निघाला. आई गंभीर, लगेच ये, अशी तार भुजंगला घरून गेली होती. खरं की खोटं, ते पलटणीने विचारलं होतं. जमादारांनी ‘खरं’ लिहिलं तर त्याला रजा मिळणार, नाहीतर नाही. कागद आधी जुन्या जिल्ह्याला गेला. ‘हे गाव आता आमच्यात नाही’ असा शेरा घेऊन परत गेला. फिरून नव्या जिल्ह्याला आला, तर तिथे अजून कपाटंच लागत होती.

“कुठं असतो तुझा नवरा?”

“बर्फाच्या डोंगरावर.”

“काय करतेत तिथं?”

“बर्फ राखतेत.”

“बर्फ? कोण चोरायलंय?”

“समोरच्या डोंगरावरबी बर्फच हाय म्हणं. तिकडचे लोक त्यो राखायलेत.”

जमादार मान मागे टाकून हसले. “मग आपापला घेऊन गप बसावं की!”

“हेबी तसंच लिहितेत. चाळीस दिसांत दुश्मन दिसला न्हाई. तांब्याभर पाण्याला घंटाभर स्टो पेटवावा लागतो म्हणं.”

जमादारांनी तांब्याकडे पाहिलं. हसू ओसरलं.

“लेकरू पाहिलंय का त्यानं?”

“न्हाई. त्याच्यासाठीच तर…” ती थांबली.

जमादार आत गेले. तिची सासू सरजाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यांनी मनगट धरलं, तरी ती वळली नाही. उशाशी भाकर तशीच वाळलेली होती.

“कवापासून जेवली न्हाई?”

“आठ दिस झाले.”

“तार तर माघातली हाय, बाई. आता चैत सरत आला.”

पंचशीलाने वाळलेली भाकर उचलून बाजूला ठेवली.

“म्हंजे तवा खोटं होतं?”

“हाव. तवा खोटं होतं.”

“अन् आता?”

“आता खरं हाय.”

“मग सरकारला उशीर झाला तेच बरं झालं म्हण की!” जमादार बोलून गेले आणि म्हातारीकडे पाहून ओशाळले. त्यांनी कागद मांडीवर घेऊन लिहिलं. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं: आई खरोखरच गंभीर. मुलास तातडीने रजा द्यावी.

“कवा येईल मग?” जमादारांनी विचारलं.

पंचशीलाने बोटांवर मोजलं. “डोंगर उतरायलाच आठ दिस. मंग तीन दिस आगीनगाडी. नांदेडला उतरले की यष्टी.”

“म्हंजे बुद्धपौर्णिमेला घरात! आल्या आल्या काय मागतो?”

“अंघोळीला पाणी. गडूभर न्हाई, घंगाळभर.”

“साठवून ठेव थोडंथोडं,” जमादार म्हणाले. लेकराच्या गालाला बोट लावलं, टोपी घातली आणि उन्हात चालू लागले. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत ती दारात उभी राहिली.

आत सरजाबाई पहिल्यांदाच भिंतीकडून वळली.

“त्येला सांगितलं कामून न्हाईस, पोरी? भुजंग बर्फाखाली गाडला गेला म्हून तार आली की आपल्याला.”

पंचशीला लेकराला थोपटत तिच्या उशाशी बसली.

“आत्याबाई, सगळे इचारतेत, कसा गेला. कवा येणार म्हून जमादारांनीच तेवढं इचारलं.”