पेडल

ऐन उतारावर या जुन्या गाडीचे ब्रेक लागले नाहीत आणि माझी बायको गेली. आता मुलगी तीच गाडी घेऊन नोकरीच्या गावी निघाली होती, म्हणून मी चारही चाकांना नवे डिस्क ब्रेक बसवले.

नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी नट सैल करायचा. ‘सोड’ म्हटल्याशिवाय पाय काढायचा नाही. हे काम बायकोचं. आज मुलगी बसली.

“दाब.”

“दाबलं. आणि आईवर ओरडायचात तसं माझ्यावर ओरडू नका हं, बाबा.”

तीन चाकं झाली. चौथ्याला पाना लावताना नट जरा सैल झाला आणि तेलाची चिळकांडी उडाली.

“अगं, सांगायच्या आधीच कशाला दाबलंस?”

“मी कुठे दाबलं?”

मी नट आवळला आणि उठून आत पाहिलं. ती सीटवर मांडी घालून बसली होती. पेडल तळाला टेकलं होतं.

“सोड,” मी म्हणालो.

पेडल वर आलं नाही.

“सोड गं. तिला उद्या जायचंय.”

पेडल तसंच राहिलं.