माळवदावरची दुर्बीण

लातूर जिल्हा नवा झाला आणि मागोमाग दुष्काळ आला. हणमंतरावांनी आजोबांची निजामकाळातली रायफल उदगीरच्या वीरण्णाकडे दुरुस्तीला दिली. एका वेळी एकच गोळी घेणारी, वर पितळी दुर्बीण.

“दुर्बीण लख्ख केलो. पन घोडा गंजून बसलाय, गोळी सुटनार न्हाई,” वीरण्णा म्हणाला.

“न्हाई सुटली तरी चालतंय.”

दुसऱ्या दिवसापासून हणमंतराव रायफल घेऊन माळवदावर बसू लागले. फाट्यावर पाण्याचा टँकर दिसला की तिकडं नळी वळवून दुर्बिणीला डोळा लावायचे आणि खाली बायकोला ओरडून सांगायचे, “घागरी मांडा!”

“एवढं धूड कशाला उचलता?” साखराबाई एकदा म्हणाल्या. “नुसती दुर्बीण काढून बघा की.”

“बघितलं काल तसं,” हणमंतराव म्हणाले. “टँकर थांबलाच न्हाई.”