उंबऱ्याशी पुरलेली वार

"बाळाची वार उंबऱ्याशी पूर, म्हणजे लेकरू त्या मातीचं होतं," पृथ्वी सोडताना आईनं बजावलं होतं. मी हो म्हटलं. इथं लेक झाली, वार पुरली. पण इथल्या मातीला हात लागला की लेकीला फोड यायचे. वर्षानं खड्डा उकरला, तर वार होती तशीच. या ग्रहावर आपलं काहीच कुजत नाही. "आपल्या टिटिकाका सरोवराकाठची माती असती तर कधीच गिळली असती," सुईण युलोहिया हसली. "इथलीला आपली चवच कळत नाही गं. नाद सोड." कुजवणारी गांडुळांची माती पृथ्वीवरून आणलेली; घरागणिक एकच टोपलं, काचघरातल्या बटाट्यांपुरतं. जपमाळ संपवून मी फुलावर आलेली रोपं उपटली. "वर्षभर खायचं काय?" नवऱ्यानं विचारलं. "छावणीची पेज." "डिंक बरा त्यापेक्षा," म्हणत त्यानं लेकीला कडेवर घेतलं. मी मातीचं टोपलं पाठीशी बांधून उंबऱ्याशी उकरलेल्या खड्ड्याकडे निघाले.